भिंतीकडे तोंड केलेलं झाकण

मी डिकीची झाकणं विकते. कुणी विचारलं की एवढंच सांगते, आणि समोरचा माणूस हसतो. त्याला वाटतं मी डब्यांच्या झाकणांबद्दल बोलतेय. नांदेडला देगलूर नाक्याच्या पुढे पत्र्याची एक लांबट शेड आहे. तिच्यात महागड्या जर्मन गाड्यांच्या डिक्यांची झाकणं भिंतीला टेकून ओळीने उभी असतात. गाडी एकही नाही, नुसती झाकणं. काळी, पांढरी, चंदेरी, आणि एक लालभडक, जे कुणीच घेत नाही. तसल्या गाडीत मी आयुष्यात एकदाही बसलेले नाही. पण तिच्या झाकणाला गंज कुठून धरतो आणि बिजागरी कुठे पिचते, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन.

नवऱ्याने हा धंदा काढला तेव्हा मी त्याला वेड्यात काढलं होतं. नांदेडात असल्या गाड्या आहेत तरी किती? पण गिऱ्हाईक नांदेडचं नसतंच. लातूर, हैदराबाद, पुणे, थेट सुरतेपर्यंतचं असतं. कंपनीचं नवीन झाकण परदेशातून यायला महिनोन्महिने जातात. आलं तरी त्याला रंग द्यावा लागतो, आणि तो कितीही चांगला बसला तरी शेजारच्या पत्र्यापेक्षा उन्हात वेगळा दिसतो. एवढी गाडी घेणाऱ्याला ते खपत नाही. त्याला कंपनीच्याच रंगातलं, दुसऱ्या गाडीवरून उतरवलेलं झाकण हवं असतं. ते आमच्याकडे मिळतं.

दुसऱ्या म्हणजे कुठल्या गाडीवरून, हे मात्र गिऱ्हाईक विचारत नाही. अपघातात चेंदामेंदा झालेल्या गाड्या लिलावात निघतात, नवरा हैदराबादला जाऊन त्या बघतो. ज्या गाडीचं मागचं झाकण अगदी कोरं मिळतं, तिचं पुढचं काही उरलेलं नसतं. आमचा सगळा धंदा यावर उभा आहे. झाकण जितकं देखणं, तितकं पुढे वाईट झालेलं. सुरुवातीला मी विचारायचे, "आतली माणसं वाचली का हो?" तो म्हणायचा, "मी पत्रा बघतो, तू पण पत्रा बघ." मग मी विचारणं सोडलं. पण झाकणाचं आतलं अस्तर सोडवताना कधी माहूरच्या अंगाऱ्याची पुडी निघते, कधी ताईत, कधी विभूती. गाडीला काही होऊ नये म्हणून कुणाच्या तरी आईने खोचलेली. ते मी केरात टाकत नाही. एका डब्यात साठवते आणि गोदावरीत सोडून येते. नवरा याला येडेपणा म्हणतो. म्हणू दे.

विक्री माझ्याकडे आहे. फोन मीच उचलते आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "ताई, कुणी माणूस आहे का तिथं?" मी म्हणते, "आहे की, बोला, मी काय म्हैस आहे?" मग हसतात, मग फोटो मागतात. झाकण कसं आहे ते मी खरं सांगते, ओरखडा असेल तर त्यावर बोट ठेवून फोटो काढते. पाठवायचं कामही माझंच. झाकणाला आधी फोम, मग जुनं गोणपाट, मग सुतळी, मग लाकडी पेटी. कुरिअरवाले पेटी आपटतात, म्हणून जवळचा माल ट्रॅव्हल्सच्या पोटात टाकून पाठवते आणि ड्रायव्हरला दम देऊन सांगते की उभी ठेव, आडवी करशील तर बघ. पेटी परत आली पाहिजे ही माझी अट असते. आणि पेटी रिकामी येण्यापेक्षा गिऱ्हाईकाने आपलं मोडकं झाकण त्यात घालून पाठवावं, तेवढं आम्ही नव्यातून वजा करतो. लोक आनंदाने पाठवतात, कारण मोडकं झाकण घरी ठेवून करायचं काय?

तिसरे आमचे चाचा. ते पत्रा ठोकतात. नवऱ्याच्या वडिलांच्या वयाचे आहेत, याच गल्लीत जन्मले, मला बेटी म्हणतात. चेपलेला पत्रा आतून लाकडी हातोडीने हळूहळू असा वर आणतात की बघणारा तोंडात बोट घालतो. काम झालं की ट्यूबलाइट हातात घेऊन झाकणावर धरतात. पत्र्यात ट्यूबची रेघ सरळ दिसली तर काम झालं, रेघ कुठे थरथरली तर पुन्हा हातोडी. आयुष्यभर पत्र्याचा आवाज खाऊन त्यांचे कान गेले आहेत. मशिनबिशिन लावत नाहीत, कानात खाज येते म्हणतात. त्यांना काही सांगायचं तर इतकं ओरडावं लागतं की पलीकडचा पंक्चरवाला उत्तर देतो. म्हणून आमच्या दुकानात काम तोंडाने सांगायची पद्धतच उरलेली नाही. विकायला तयार झाकण तोंड बाहेर करून उभं करायचं. ठोकायचं असलेलं भिंतीकडे तोंड करून ठेवायचं. चाचा सकाळी येतात, भिंतीकडे तोंड केलेलं जे असेल ते उचलतात आणि कामाला लागतात. विचारत नाहीत.

ही पद्धत माझीच. आणि मला तिचा मोठा अभिमान होता.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी लातूरहून फोन आला. कुणा साहेबांचा ड्रायव्हर होता. पांढरं झाकण पाहिजे, अमुक मॉडेलचं, आजच्या आज पाहिजे. घाई सगळ्यांनाच असते, पण हा पैशाबद्दल एक शब्द बोलला नाही, तेव्हाच मला नवल वाटलं होतं. मी विचारलं, "काय झालं गाडीला?" तो म्हणाला, "रिव्हर्स घेताना झाडाला लागली." मी म्हटलं, "झाड जिवंत आहे ना?" तो हसला नाही. ट्रॅव्हल्सचा नंबर तेवढा विचारून घेतला.

मी ते झाकण गोणपाटात गुंडाळत होते तेव्हा आईचा फोन आला. माझं माहेर रेणापूरजवळ, रस्त्यावरच्या एका छोट्या गावात. फोन खांद्यात धरून मी सुतळी ओढत होते.

"आगं, आपला दूधवाला गेला बग."

"कुठं गेला?"

"कुठं जाणार? मेला. काल पहाटं दूध घिऊन लातूरला निघाला हुता, फाट्याच्या अलीकडं सडकंवर घावला."

सुतळी हातातच राहिली. आमचा दूधवाला म्हणजे गावातलाच एक लिंगायत गडी. माझ्याहून लहान. गावभरचं दूध गोळा करून मोटारसायकलला दोन्हीकडे कॅन अडकवून रोज लातूरला घालायचा. मी माहेरी गेले की कॅन उतरवायच्या आधी हाक मारायचा, "आक्का, आलीस का?" आणि परतीच्या वेळी माझ्या पिशवीत खव्याचा गोळा नेमका सापडायचा. गावाशी माझं जे काही उरलं होतं त्यात तो होता.

आई चिडली होती. रडत नव्हती, चिडली होती. "गावात म्हणायलेत, पिऊन हुता. एकटाच पडलेला घावला ना. गाडी न्हाई, घोडं न्हाई. मग आपलाच आपण पडला म्हणं. दारूशिवाय असा कोण पडतो म्हणं."

"तो आणि दारू?"

"त्येच की. गळ्यात लिंग घालणारं लेकरू, चहाला सुदिक नको म्हणायचं. पण लोकाच्या तोंडाला काय हात लावणार? मातीला आलेली माणसं खड्ड्यापाशी उभी राहून त्येच बोलत हुती. त्याच्या बायकूनं आयकलं समदं."

दवाखान्याचा कागद यायचा तेव्हा येईल, गावाला तेवढा धीर कुठला? आईने सांगितलं की त्याची बायको कुणाशी बोलत नाही, रडतही नाही, एवढंच म्हणते की ह्यांनी पिली न्हवती, एवढं कुणीतरी म्हणा. मी ऐकलं आणि डोळे पुसले. मग सुतळीची गाठ मारली, पेटी बंद केली आणि ते झाकण लातूरला पाठवून दिलं. कुठल्या गाडीला चाललंय ते मला कसं कळणार होतं?

पेटी काही दिवसांनी परत आली. शुक्रवार होता, चाचा नमाजला गेले होते, नवरा हैदराबादला. मी एकटीच होते. पेटीची फळी उचकटली आणि आंबूस वास असा अंगावर आला की मी मागे सरकले. मला वाटलं कुणी तरी डबा सांडलाय. गोणपाट सोडलं तर त्याला पिवळट डाग. ड्रायव्हरने झाकण वरून स्वच्छ धुतलं होतं, चकाकत होतं. वास आतून येत होता. अस्तराच्या खुंट्या काढल्या आणि ते खाली ओढलं. आत पत्र्याच्या खाचेत दही झालेलं होतं. नासलेल्या दुधाचे गठ्ठे, धूळ बसलेले.

झाकण मी उलटं करून पुढून बघितलं. मध्यभागी मोठा पोचा होता, आणि त्याच्या वर, एका बाजूला, पत्र्यात खोल उमटलेली एक अर्धगोल रेघ. रंग उडून तिथे ॲल्युमिनियमची करडी घासण लागलेली. झाडाला असं कडं नसतं. लहानपणी आमच्या अंगणात ओल्या मातीवर दुधाचा कॅन टेकवला की असाच अर्धा चंद्र उमटायचा, आणि आई ओरडायची की सारवलेलं बिघडवलंस. मी कितीदा तरी त्यावरून बोट फिरवलेलं आहे. त्या दिवशी झाकणावरून तसंच बोट फिरवलं.

तेवढ्यात फोन वाजला. तोच ड्रायव्हर. "ताई, ते जुनं झाकण पाठवायचं नव्हतं वो. माझ्याच डोक्यानं पाठवलं, वजा होईल म्हणून. साहेब लई रागावून राहिलेत. तोडून भंगारात टाका तेवढं."

"झाडाला लागलं होतं ना?"

"हाव."

"कसलं झाड होतं हो? दूध देणारं?"

त्याने फोन ठेवला आणि त्यानंतर त्याचा नंबर कधी लागला नाही.

गाडी अंधारात दिवे न लावता रस्त्यात उभी होती, की अचानक थांबली, की आणखी काही, मला माहीत नाही. आजही माहीत नाही. मला एवढंच कळलं की तो आपला आपण पडला नव्हता. तो कशावर तरी आदळला होता आणि त्याचंच झाकण माझ्यासमोर होतं. गाडीवाला खाली उतरला असेल, त्याने मागे बघितलं असेल, आणि मग बसून निघून गेला असेल. आणि दुसरी काळजी त्याला ही पडली असेल की पांढरं झाकण कुठे मिळतं. त्याला ते मी दिलं. घाईघाईने, छान फोम लावून.

नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "तू कुणाला काही बोलू नको. मी आल्यावर बघू."

"काय बघणार? पत्रा?"

"अगं, मोठी माणसं आहेत ती. आपलं दुकान पत्र्याचं."

"त्याच्या बायकोसमोर लोक मेलेल्याच्या तोंडात दारू घालायलेत," मी म्हणाले. रागावले की माझी माहेरची बोली बाहेर येते. तो घाबरट आहे, वाईट नाही. पण त्या क्षणी मला दोन्हीत फरक दिसत नव्हता. मी फोन ठेवला.

चाचा नमाजहून आले. मी काहीच सांगितलं नाही. हे असलं ओरडून कसं सांगायचं, रस्त्यावर? त्यांनी माझं तोंड बघितलं, हातानेच विचारलं, काय? मी मान हलवली. संध्याकाळी दुकान बंद करताना ते झाकण तिथेच, दारासमोर उभं होतं, आणि तो अर्धा चंद्र माझ्याकडे बघत होता. मला ते सहन होईना. मी ते दोन्ही हातांनी उचललं, कोपऱ्यात नेलं आणि भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

सकाळी चाचा यायच्या आधीच शेडची चावी पंक्चरवाल्याकडे ठेवून मी पहिल्या एसटीने निघाले. ज्या ठाण्यात त्याचा अपघात नोंदला होता तिथे गेले. जाताना मनाची तयारी केली होती की मला हाकलतील, हसतील. तसं काही झालं नाही. साहेब तरुण होते, बसा म्हणाले, पाणी मागवलं. मी मोबाइलमधले फोटो दाखवले, पार्सलची पावती दाखवली. त्यांनी फोटो मोठे करून बघितले आणि स्वतःच म्हणाले, "हे कॅनचं बूड आहे." मला रडू आलं, कारण कुणीतरी दुसऱ्याने ते म्हटलं होतं.

"पण फोटोवर भागत नाही, ताई," ते म्हणाले. "हे झाकण त्याच गाडीचं, आणि हा मार त्याच कॅनचा, हे दिसलं पाहिजे. माल आहे ना तुमच्याकडे?"

"आहे."

"जसाच्या तसा?"

"जसाच्या तसा."

"मग झालं. त्याला काही करू नका. उद्या माणूस पाठवतो, पंचनामा करून घेऊन येईल. त्याचे कॅन घरच्यांकडे आहेत का? बूड त्या खुणेला जुळलं, तर मला पुढं जाता येईल."

ठाण्याच्या बाहेर येऊन मी आईला फोन केला. म्हटलं, त्याच्या बायकोला, वहिनीला सांग, त्याने पिली नव्हती, आता मी म्हणणार आहे आणि पोलीसही म्हणणार आहेत. झाकणावरची खूण त्याच्या कॅनशी जुळवून बघणार आहेत, कॅन तसेच ठेव म्हणावं. आई पलीकडे रडायला लागली, पहिल्यांदा. म्हणाली, "मी आत्ताच जाते तिच्याकडं, तशीच जाते." परतीच्या एसटीत मला खिडकीची जागा मिळाली. शेतांत हरभरा उभा होता. गेल्या कित्येक वर्षांत मला स्वतःबद्दल इतकं चांगलं वाटलं नव्हतं.

रिक्षातून उतरले तेव्हा शेडमधून हातोडीचा आवाज येत होता. टक टक टक, थांबून पुन्हा टक. रोजचाच आवाज, त्यामुळे मी काही विचार केला नाही. पंक्चरवाल्याशी दोन शब्द बोलले. मग आवाज थांबला. मी आत गेले तर चाचा ट्यूबलाइट हातात घेऊन उभे होते, आणि समोर, तोंड बाहेर करून, पांढरं शुभ्र झाकण. ट्यूबची रेघ त्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेली होती.

"देख बेटी," चाचा हसून म्हणाले. "काल तू लई उदास होतीस. म्हनलं हे पहिलं करतो. रंगबी कंपनीचाच राखला, तेवढ्या जागी टच मारला. अस्तर सर्फात धुतलं, छतावर टाकलं सुकायला."

मी कोपऱ्याकडे बघितलं. भिंत रिकामी होती.

मग मला ओरडावं लागलं. दुसरा इलाजच नव्हता. "चाचा, माणूस मेला होता त्याच्यावर!" त्यांना कळेना. "क्या? कौन?" मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन पुन्हा ओरडले, "आमच्या गावचा दूधवाला! त्याची खूण होती ती! पोलिसांना द्यायची होती!" गल्लीत माणसं थांबली. चाचांच्या हातातली ट्यूब हलली आणि झाकणातली रेघ थरथरली. मग हळू आवाजात, म्हणजे त्यांना वाटतं तेवढ्या हळू आवाजात म्हणाले, "पन तूच भिंतीकडं तोंड केलतंस ना, बेटी?"

केलं होतं. लातूरच्या साहेबांना काहीही करावं लागलं नाही. ना धमकी, ना ओळख, ना कुणाला फोन. जे करायचं ते आमच्या दुकानाने आपल्या पद्धतीने, मन लावून करून दिलं.

ठाण्यातल्या साहेबांना मी त्याच दिवशी कळवलं. ते चिडले नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं. म्हणाले, "घासलेला रंग गेला, मार गेला. आता ते नुसतं चांगलं झाकण आहे, ताई." मी म्हटलं, गोणपाट आहे, त्याला अजून दुधाचा वास आहे. ते म्हणाले, "वासाचा पंचनामा कसा करू? दूध काय, पेटीत कुठंही सांडतं." माणूस मात्र त्यांनी पाठवतो म्हटलं. तो आजतागायत आलेला नाही, आणि येऊन त्याने न्यायचं तरी काय?

मला आईला फोन करायचा होता. दोनदा नंबर काढला आणि ठेवून दिला. उद्या करू म्हटलं. पण आई तोवर त्या घरी जाऊन आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडून झाडत होते तर दारात रिक्षा थांबली. त्यातून दूधवाल्याची बायको उतरली, आणि मागून त्याचा धाकटा भाऊ. पहिल्या एसटीने आले होते. वहिनीच्या कपाळावर विभूतीचे पट्टे होते, चेहरा सुकलेला, पण चालीत घाई होती. भावाच्या खांद्यावर पोतं होतं. त्याने ते खाली ठेवलं, तोंड सोडलं आणि आतून कॅन काढला. एका बाजूने पार चेपलेला, बुडाचं कडं वाकलेलं.

"आक्का," वहिनी म्हणाली, "तुमच्या आईनं सांगितलं, पोलीस जुळवून बगणार हायेत. म्हनलं आपणच नेऊन द्यावा कॅन. ह्यो ठिवलाय तसाच, धुतलाबी न्हाई. कुठं हाय ते?"

चाचा आतच होते. त्यांना शब्द ऐकू आले नसतील, पण कॅन दिसला. ते उठून उभे राहिले.

मी तिला बसवलं. पाणी दिलं. आणि सगळं सांगितलं. भिंतीचं, तोंड फिरवून ठेवल्याचं, चाचांच्या कानांचं, सगळं. सांगताना मलाच ते खोटं वाटत होतं. असं कुठे असतं का? कुणीही म्हणेल की बाईने पैसे खाल्ले आणि गोष्ट रचली. दीर उठला आणि सरळ त्या झाकणापाशी गेला. "कुठं हुतं?" त्याने विचारलं. "दाखवा तरी."

मी दाखवायला गेले. हात पुढे केला आणि तसाच राहिला. मला जागा सापडेना. मी माझ्या बोटाने जिथून रेघ फिरवली होती, ती जागा मला सापडेना. पांढरा, थंड, गुळगुळीत पत्रा, सगळीकडे सारखाच.

चाचा पुढे आले. त्यांनी डोळे मिटले, तळवा पत्र्यावर सरकवत नेला आणि एका जागी थांबवला. "यहां," ते म्हणाले. मग मराठीत, "इथं होतं, बेटा."

दिराने कॅन दोन्ही हातांनी उचलून त्या जागी लावला. वाकलेलं कडं पत्र्यावर टेकलं आणि खाली घसरलं. त्याने पुन्हा लावला. पुन्हा घसरलं. वहिनी उठली आणि तिने त्याच्या दंडाला धरून त्याला मागे घेतलं.

मग तिने चाचांनी दाखवलेल्या जागी आपला हात ठेवला. बराच वेळ ठेवला. झाकणात तिचा चेहरा दिसत होता, अगदी सरळ, कुठेही न वाकलेला. तिने चाचांकडे बघितलं आणि, त्यांना ऐकू जावं म्हणून नाही, साध्याच आवाजात म्हणाली,

"लई चांगलं केलंय काम, मामा. काय झालं हुतं, काहीच कळंना गेलंय."

चाचांना ते ऐकू आलं नाही. ते माझ्याकडे बघत राहिले, ती काय म्हणाली ते मी त्यांना ओरडून सांगावं म्हणून.